श्वास ऐकू येतो, बाद

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज 'रन' माझ्या गळ्यात पडला. एवढंसं इंग्रजी क्रियापद. शाळेतल्या पोराला विचारा, म्हणेल, धावणे. तो अर्थ पहिल्या ओळीतच संपतो. पुढे नळ वाहतो, नाक वाहतं, दुकान चालतं, कपड्याचा रंग जातो, मोजा उसवतो, दूध संपतं, माणूस निवडणुकीला उभा राहतो, आणि हे सगळं हे एकटं क्रियापद करतं. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं. काही पडलं-झडलं की हाक हिलाच.

आमचा इंग्रजी-मराठी कोश बोलता आहे. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ आणि एक वाक्य आवाजात ऐकू येतं. वाक्यं मी लिहिते. वाचायची धाकटी, माझी बहीण. दहा वर्षं कोशाचा आवाज तिचाच होता. ती जाऊन आता चौदावा महिना लागला. आमच्याच इमारतीच्या जिन्यात, बाजाराची पिशवी हातात असताना गेली. आता नवी आवृत्ती निघते आहे आणि मुख्य संपादकांनी (मागून आम्ही त्यांना कात्री म्हणतो) दोन हुकूम काढलेत. एक, अर्थ कमी करा, आजकाल एवढं कोणी वाचत नाही. दोन, जुनं ध्वनिमुद्रण तपासा, जिथे श्वास किंवा खरखर ऐकू येईल ते बाद. जो अर्थ गळेल त्याचं वाक्यही पुसलं जाईल. बाद वाक्यं नव्या बाईकडून वाचून घेतली जातील.

म्हणजे धाकटीला कोशातून काढायचं आणि ते मी करायचं. उत्तम.

ही वही त्यासाठीच उघडली. कुरकुर ऐकायला घरात धाकटीच होती. भाचीपुढे तिच्या आईबद्दल काय कुरकुरणार?

बुधवार, ६ फेब्रुवारी

बारकीने आज पुन्हा तोच विषय काढला. बारकी म्हणजे माझी भाची, धाकटीची मुलगी. तेवीस वर्षांची घोडी झाली, तरी बारकीच. "मावशी, तपासणीचं काय झालं?"

धाकटी गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तिच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, तुम्ही दोघीही तपासून घ्या. आमची आईही अशीच गेली, कपडे वाळत घालता घालता. पण आई साठीची होती आणि तिला कामाचा सोस होता. डॉक्टरांना काय, एक मेला की उरलेल्यांना रांगेत उभं करतात.

"हा शब्द संपू दे, मग जाते," म्हटलं.

"कधी संपेल?"

"संपेल तेव्हा."

बारकीने पाण्याबरोबर तिची ती शक्तीची गोळी घेतली आणि गेली. कॉलेजात धावण्यात बक्षिसं आणणारी पोरगी, आता कोपऱ्यावरच्या बसमागेही धावत नाही. बस गेली तर दुसरी येईल म्हणे. आळस मुरलाय अंगात. मी तसं बोललेही. हसली.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आमच्या कचेरीचा जिना म्हणजे शिक्षा आहे. पहिल्या मजल्यावरचा सूचनाफलक वाचायची मला आताशा सवय लागली आहे. सायकल विकणे आहे, छत्री हरवली आहे. सगळं वाचून मगच वर जाते. माणसाने आजूबाजूचं जग बघावं.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कानसेन भेटला. तो ध्वनिमुद्रण करतो. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं. कान असा की शेजारच्या खोलीत पेन पडलं तर टोपणासकट पडलं का ते सांगेल. म्हणाला, आधीच्या आवृत्तीतलं साफ केलेलं मुद्रण आता दबकं वाटतं, म्हणून मूळ कच्चं मुद्रण काढून ठेवलंय. ते मी कधीच ऐकलं नव्हतं. मला साफ केलेलंच मिळायचं.

कानाला लावलं. आधी काही नाही. मग खुर्ची सरकली. मग ती खाकरली आणि म्हणाली, "हं, घे रे." आणि मग वाचायला लागली: "मुलं मैदानावर धावत आहेत."

मी दोन मिनिटांत कानावरून काढून ठेवलं. कानसेनाने चहा मागवला.

सोमवार, ११ फेब्रुवारी

मुद्रणं घरी आणली. खोलीत संगणकावर लावून ठेवते आणि स्वयंपाकघरात काम करते. काम दुप्पट होतं असं मी बारकीला सांगितलं. खरं म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी भांडी पुसत होते आणि आतून ती म्हणाली, "दूध संपलंय. येताना आणशील?"

"आणते गं," मी म्हटलं. फडकं खांद्यावर टाकून फ्रिज उघडला, तर दूध खरंच संपलं होतं.

वाक्य माझंच. पाच वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं. संपणे या अर्थाखालचं. तरी मी फ्रिजचं दार उघडं टाकून किती वेळ उभी होते कोण जाणे. वळून बघते तर बारकी दारात. चेहरा पांढराफटक.

"मावशी, ते कानाला लाव ना," म्हणाली. "प्लीज."

मला वाईट वाटलं. तिच्या आईचा आवाज आहे, माझं डोकं कुठे होतं? आता कानालाच लावते. पण त्याने एक झालं. आधी ती खोलीत होती, आता डोक्यात आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

कात्रीला 'रन'चे तीस अर्थ हवेत. माझे आज एकसष्ट झाले.

हे मी मुद्दाम करत नाहीये. नळ वाहणं आणि नदी वाहणं एक कसं? नळ माणूस सोडतो, नदी कोण सोडतं? दोन वेगळे अर्थ, दोन वेगळी वाक्यं. दुकान चालवणं आणि घर चालवणं हेही वेगळं, घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. धाकटीने दोन्ही किती सुंदर वाचलीत. "बाबांच्या मागे आईनेच घर चालवलं." 'आईनेच'वर असा काही भार दिलाय की मी ते तीनदा ऐकलं.

कानसेन यादी बघून म्हणाला, "मॅडम, एकही वाक्य गळालं नाही यातून."

"अर्थच तेवढे आहेत," मी म्हटलं.

त्याने यादी परत दिली. भिडस्त माणूस आहे.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही कळत नाही. मी भुताखेतांतली बाई नाही. हसत आले मी त्या सगळ्याला.

चार दिवस झाले, संध्याकाळी जिन्यात पावलं वाजतात. खालून येतात. दुसऱ्या मजल्यावर, वळणावर, थांबतात. तिथेच थांबतात. धाकटी जिथे पडली तिथे. मग काहीही नाही, कितीतरी वेळ काहीही नाही. कठड्याला हात घासल्याचा आवाज आला आज. आम्ही तिसऱ्यावर राहतो, दाराला कान लावून उभी होते मी. दार उघडायचं धाडस झालं नाही. माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की ते ऐकू की जिन्यातलं, समजेना.

थोड्या वेळाने बारकी आली. तिला विचारलं, जिन्यात कोणी भेटलं का.

"नाही गं. कोण भेटणार?"

ती एकटी आली आणि तिला कोणी दिसलं नाही, हे ऐकून मला जास्त भीती वाटली. दिवा चालू ठेवून झोपणार आहे. उशाही तीन घेतल्या आहेत. दोन उशांवर हल्ली गुदमरल्यासारखं होतं. गादीच बदलायला हवी.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

शेवटच्या वर्षातली मुद्रणं लागली. ही वाईट आहेत. प्रत्येक लांब वाक्याच्या मध्ये श्वास. "गाडी आज", श्वास, "अर्धा तास उशिरा धावत आहे." कुठे अर्थ तुटत नाही तिथे ती थांबते. पूर्वी असं केलं असतं तर मी तिला सोलून काढलं असतं. कामाचा कंटाळा आला होता बाईसाहेबांना, दुसरं काय? की माझ्या वाक्यांचा?

रकान्यात लिहीत गेले: श्वास ऐकू येतो, बाद. श्वास ऐकू येतो, बाद. पानभर तेच झालं. मग पेन ठेवलं आणि सगळ्यांपुढचं 'बाद' खोडलं. माइक जवळ असेल. माइकचा दोष असेल तर तिला का काढायचं?

दोन वाक्यांच्या मध्ये ती बसलेली ऐकू येते. नुसती बसलेली. तिच्या गप्प बसण्याचाही आवाज आहे. एकदा ती कानसेनाला म्हणते, "थांब रे जरा, जिना चढून आलेय." पण तोवर तासभर वाचत होती ती.

सोमवार, २५ फेब्रुवारी

कात्रीने बोलावून घेतलं. टेबलावर माझे चौऱ्याण्णव अर्थ. "बाई, हा कोश आहे. तुम्ही घर बांधताय," म्हणाले. "शुक्रवारपर्यंत तीस. आणि नवीन अर्थांना आवाज कुठून आणणार? नव्या बाईला बोलावू?"

"मी वाचते," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. "आमचे आवाज सारखे आहेत. फोनवर लोक फसायचे. कोणाला कळणारही नाही."

त्यांनी खांदे उडवले. उद्या कानसेनाकडे चाचणी.

घरी येऊन सांगितलं तर बारकी हातातलं टाकून म्हणाली, "म्हणजे शब्द अजून संपला नाही?"

"संपत आलाय."

"तू गेल्या वर्षी 'टेक' संपला की जाते म्हणाली होतीस. त्याआधी 'सेट'." आवाज चढला होता तिचा, असा कधी चढत नाही. "मावशी, डिक्शनरी संपत नाही गं. माणसं संपतात."

मी ताडकन म्हणाले, आधी स्वतःकडे बघ, दिवसभर लोळत असतेस, मग मला शिकव. ती आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आजच लिहून टाकते.

सकाळी मुद्रणाच्या खोलीत बसले. तिची खुर्ची, तिचा माइक. काचेपलीकडे कानसेन. मी सहा वाक्यं वाचली. चांगली वाचली असं मला वाटलं. त्यातलं गाडीचं वाक्य त्याने मुद्दाम वाचायला लावलं होतं, दोन आवाज जुळतात का बघायला.

काचेपलीकडे त्याने ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. मग आत आला. हेडफोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "मॅडम, आधी त्यांचं लावतो, मग तुमचं. तुम्ही फक्त ऐका."

"गाडी आज", श्वास, "अर्धा तास उशिरा धावत आहे."

मग पुन्हा, "गाडी आज", श्वास, "अर्धा तास उशिरा धावत आहे."

मी म्हटलं, "तिचंच दोनदा लावलंस."

"नाही," तो म्हणाला. "दुसरं तुमचं आहे."

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. त्याच जागी, तेवढाच, तोच खोल ओढून घेतलेला श्वास. मी जिना चढून एक तास झाला होता.

मग कानसेन बोलायला लागला. एवढं तो दहा वर्षांत बोलला नसेल. "त्यांचे श्वास मीच कापायचो. आधी वाक्यामागे एखादा असायचा. मग दोन. मग तीन. मला वाटायचं, वय झालं, माइक जवळ आहे, काहीतरी असेल. आमचं काम काय, श्वास दिसला की काढायचा. स्वच्छ करून तुमच्याकडे पाठवायचो. तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही तरी विचारलं असतं." पुढे म्हणाला, "तुमचा मी कापणार नाही. माझ्याच्याने होणार नाही."

तिचं सगळं दुखणं त्या खोलीत मुद्रित होत होतं, आणि आम्ही दोघं मिळून ते पुसत होतो, शुद्ध मराठीत आणि स्वच्छ आवाजात.

बाहेर आले. जिना उतरताना पहिल्या मजल्यावरच्या फलकापाशी थांबले. थांबले आणि लक्षात आलं की त्या छत्रीची सूचना मला पाठ आहे, इतक्या वेळा मी इथे उभी राहिलेय.

घाबरले. सरळ लिहिते, मी घाबरले. मला मरायचं नाहीये.

बारकी आली तेव्हा अंधारात बसले होते. म्हटलं, "तपासणीची वेळ घे. लवकरात लवकरची."

ती पर्सही न ठेवता समोर बसली. "परवाची आहे."

"परवाची कशी?"

"दर महिन्याला घेते मी तुझ्या नावाने. आणि आदल्या दिवशी रद्द करते. ही नव्हते करणार."

गुरुवार, २८ फेब्रुवारी

हृदयाची सोनोग्राफी. ज्या खोलीत करतात ती थंडगार आणि अंधारी. आधी बाहेर एक नर्स सगळं विचारते. ठसक्यातली, कामाची बाई, मान वर न करता विचारत होती. वय? दम लागतो? चक्कर येते? उशा किती घेता? उशांपर्यंत आली तेव्हा मला तिचा रागच आला, माझ्या गादीबद्दल हिला कसं कळलं?

"घरात कोणाला हा त्रास होता?"

"आई," मी म्हटलं. "असणार, आता वाटतं. आणि बहीण."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही."

"आणि मी," बारकी म्हणाली.

नर्सने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, पोरगी मला धीर द्यायला काहीतरी बोलतेय. तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत कळलं. याच दवाखान्यात. गोळी चालू आहे," म्हणाली, आणि गोळीचं नाव सांगितलं. ती शक्तीची गोळी.

मग मला आत नेलं. डाव्या कुशीवर झोपवलं, छातीवर थंड जेल लावलं. पडद्यावर माझं हृदय उघडमीट करत होतं आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर ती एकटी बसलेली होती, एवढंच डोक्यात होतं.

शनिवार, २ मार्च

मलाही आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. गोळ्या सुरू, आणि पुढच्या महिन्यात गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवतील, हृदय अडखळलं तर सावरणारं. बारकीला अजून यंत्राची गरज नाही. नीट राहिली तर म्हातारी होईल, म्हणाले. धावायचं मात्र नाही.

काल 'रन' देऊन टाकला. तीस अर्थ. धाकटीची वीस वाक्यं राहिली, श्वासांसकट; उरलेली दहा नवी बाई वाचेल. कात्री कटकट करणार होते. कानसेनाने म्हणे त्यांना खोलीत नेऊन काहीतरी ऐकवलं, मग बोलले नाहीत. धाकटीची बाकीची गेली. पुसताना मी तिथे बसले होते. रडले, आणि घरी आले.

घरी शांत आहे. कानात कोणी नाही. काल संध्याकाळी पावलं वाजली आणि दुसऱ्या मजल्यावर थांबली, तेव्हा मी दार उघडून खाली गेले. कठड्याला टेकून बारकी उभी होती. "दम खाते," म्हणाली. मग म्हणाली, "आईजवळ थांबते असं म्हणायचं मी स्वतःला. तेवढंच बरं वाटायचं." मीही शेजारी टेकले. दोघी दम खाऊन वर आलो.

आज सकाळी राहवेना. विचारलं, "वर्षभर का नाही बोललीस?"

"तुला सोसलं नसतं. आई जाऊन दोनच महिने झाले होते. तू दिवसरात्र 'सेट' घेऊन बसलेली. जेवायलाही उठवावं लागायचं."

"एकटी गेलीस?"

"हो."

"कधी? मी होते कुठे?"

"घरीच होतीस." कपड्यांची घडी घालत होती, घालतच राहिली. "तुला सांगून गेले होते. पेपर आहे म्हटलं होतं."

मग मला आठवलं. निघताना मी तिच्या हातावर दही ठेवायला विसरले नव्हते, पण मान वर करून बघितलं नव्हतं. आणि संध्याकाळी ती परत आली तेव्हा, कागदांतूनच, मी विचारलं होतं, पेपर कसा गेला.

सोपा होता, म्हणाली होती.